विपुलच्या चाकातला बुश

मित्रांनो, मी एक जुने लेथ मशीन आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, धर्मेशभाईंच्या वर्कशॉपमध्ये, मागच्या भिंतीला लागून मी उभे आहे. लोखंडाचा तुकडा माझ्यात फिरतो आणि त्याला हवा तो गोल आकार मिळतो. एवढेच माझे काम.

माझा जन्म राजकोटचा. ट्रकमधून इथे आले तेव्हा पाम गावचे देवूकाका माझे कारागीर झाले. तारापूरच्या कारखान्यांतल्या पंपांचे किती शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, आम्ही दोघांनी घडवले, याला गणती नाही. काका रोज शिफ्ट संपली की लोखंडाचा कीस झाडत, मला पुसत आणि तेल देत. "हेच्यासारखा हात कोनाचा नाय," असे ते माझ्याबद्दल सांगत. पुढे संगणकावर चालणारे मशीन आले आणि काका निवृत्त झाले. माझ्या हँडलला लोक डब्याच्या पिशव्या अडकवू लागले. तेलाचे तर नावच नको.

नव्या मशीनवर बेटेगावची दीपा काम करी. आयटीआयला टर्नरचे, म्हणजे लेथ चालवण्याचे, काम शिकलेली, नेटक्या हाताची मुलगी. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसून मोबाइलवर मोटरसायकलच्या शर्यती पाही. कोणाचे किती गुण झाले, हे तिला ठाऊक नसे. वळणावर गाडी जमिनीला टेकेल इतकी झुकते आणि तरी पडत नाही, तेवढेच तिला आवडे. तिच्यासोबत शिकलेला मुरबे गावचा विपुल मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळतो, हे मात्र ती सगळ्यांना अभिमानाने सांगे.

एका शुक्रवारी तोच विपुल आला. रविवारी नाशिकला शर्यत होती आणि त्याच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकातले दोन्ही बुश, म्हणजे चाकाच्या मध्यभागी घट्ट बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, झिजले होते. नवे मशीन मोठ्या कामात अडकलेले. धर्मेशभाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. दीपाने पिशव्या काढल्या आणि मला सुरू केले. पहिला बुश तिने नीट मोजला. दुसरा होईपर्यंत विपुलची गाडी नाशिकला नेणाऱ्या टेम्पोवाल्याशी ठरलेली वेळ झाली होती. तो बुश तिने न मोजताच त्याच्या हातावर ठेवला.

शनिवारी सकाळी देवूकाका सहज भेटायला आले. सवयीने त्यांनी माझे हँडल फिरवले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हँडल ढिला हाय, पोरी. हेच्यावर काल काय केलंस?"

दीपाने सांगितले. मग कालच्याच मापाचा एक तुकडा माझ्यावर कापून पाहिला. तो हव्या त्या मापापेक्षा दोन-तीन केसांच्या जाडीएवढा बारीक निघाला. बाजूचा कामगार म्हणाला, एवढ्याने काय होते, कोणाला कळणार आहे? दीपा फोन हातात धरून उभी राहिली. चूक कबूल केली तर पुन्हा कोण विश्वासाने काम देणार, हेच तिच्या मनात असावे.

काका हळूच म्हणाले, "सांगितलंस तर तो चिडंल. नाय सांगितलंस तर तुला जेवन जाईल का?"

तिने फोन लावला. "विपुल, बुश ठोकून बसवावे लागले का?"

"एक ठोकला. दुसरा हातानेच बसला. मस्त बसला."

"तो काढ. नुसत्या हाताने बसतो म्हणजे तो बारीक आहे, चुकलाय. मी मोजला नव्हता." विपुल चिडला. शर्यतीत कोणी कुठून सुटायचे हे ठरवणारी फेरी संध्याकाळी होती आणि चाक उघडले तर ती चुकणार होती. दीपा एवढेच म्हणाली, "चुकू दे. वळणावर चाक हाललं तर तू राहणार नाहीस. मी दुसरा घेऊन येते."

काकांनी माझ्या सरकत्या भागाचे स्क्रू आवळले, जुना चिकटा खरवडून काढला आणि तेल दिले. किती वर्षांनी! दीपाने नवा बुश कापला आणि तीनदा मोजला. दुपारच्या एसटीने ती नाशिकला गेली.

पुढचे मी सोमवारी तिच्याच तोंडून ऐकले. नवा बुश लाकडी हातोडीने ठोकून बसवावा लागला. फेरी चुकल्यामुळे विपुल चौदा जणांत सगळ्यांच्या मागून सुटला. दीपा एका वळणाशी उभी होती. धुरळ्यात तिला पुढे कोण, मागे कोण, काहीच कळेना. बारा वेळा विपुल त्या वळणावर झुकला, आणि बाराही वेळा तिने श्वास रोखला. तो सहावा आला. हेल्मेट काढून तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "चाक जरा पन हाललं नाय."

मित्रांनो, तो बारीक बुश माझ्यातूनच निघाला होता, हे मी लपवत नाही. कोपऱ्यात टाकलेल्या यंत्राला थोडे तेल आणि एक फडके पुरते. ते तेवढे द्या, म्हणजे आमच्याकडून चुका होणार नाहीत. आणि तुमच्या हातून झालीच, तर तुम्हाला तोंड आहे, वेळेवर सांगा. मला ते सांगता आले नसते. दीपाने सांगितले, म्हणून विपुल मुरब्याला आपल्या पायांनी परतला.