जिवलीच्या शेळीचं देवपण

आशागडहून तलासरीकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या त्या पाड्यावर सकाळी नऊलाच पन्नास-साठ माणसं जमली होती. जिवलीच्या अंगणात मांडव पडला होता, मांडवात सतरंजी, आणि सतरंजीवर हळदकुंकवानं माखलेली एक तांबडी शेळी. शेळी डुलत होती. मान खाली टाकून डावीकडे झुकायची, कशीबशी सावरायची, पुन्हा उजवीकडे झुकायची. प्रत्येक झोकांडीला गर्दी हात जोडत होती.

शेजारी खुर्चीवर बापू बसले होते. हे बापू कुठले ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण शेळीची भाषा त्यांना येत होती एवढं नक्की. शेळी उजवीकडे झुकली की देवी हो म्हणते, डावीकडे झुकली की नाही म्हणते. एकाची मोटरसायकल चोरीला गेली होती. देवी उजवीकडे झुकली, म्हणजे सापडणार. कधी, ते देवीनं सांगितलं नाही. एका बाईनं मुलगा होईल की मुलगी असं विचारलं, तर शेळीनं मटकन बसून घेतलं. बापूंनी जुळं सांगितलं.

संगिता तिथं पोचली ती गुरांना लस टोचायला. ती पशुधन पर्यवेक्षक. पदरी अकरा गावं, आणि जोडीची जागा चार वर्षं रिकामी. या वर्षातला हा तिसरा चमत्कार. पूर्वी तिचा संताप व्हायचा, तावातावानं भांडायची. आता तिला फक्त थकवा आला. शीतपेटी खाली ठेवून ती शेळीकडे बघत राहिली. डावी कूस फुगली होती, दात करकर वाजत होते, शेपटीखाली पातळ घाण चिकटली होती.

जिवली कुडाच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या घरात देवी आली म्हणून सगळा पाडा तिच्या पाया पडत होता, आणि तिचे डोळे रडून सुजले होते. तिच्याकडे एवढी एकच शेळी, तीही चार महिन्यांची गाभण. तीन दिवस बापूंनी शेळीला पाणी तोडलं होतं. देवीचा उपास आहे म्हणे.

"डुलायला लागायच्या आधी काय घातलंस तिला?" संगितानं विचारलं.

जिवलीनं खाली बघितलं. "तुम्ही सांगितलेलं तेच, मॅडम."

संगिताला आठवलं. जानेवारीत ग्रामपंचायतीत तिनं कागद वाचून दाखवला होता. चिकूच्या चकत्या वाळवणाऱ्या कारखान्यात सालींचे ढीग फुकट जातात. त्या जनावरांना घाला, तंतुमय पदार्थ मिळतील. जोडीला पेंड द्या, प्रथिनं मिळतील. विकतचं खाद्य कमी लागेल. साली तीन दिवस कडक वाळवा, ओल्या घातल्या तर किण्वन होऊन अपाय होतो, हे दुसऱ्या पानावर होतं. तेवढ्यात चहा आला होता, आणि ते राहूनच गेलं होतं. जिवली त्याच कारखान्यात साली काढायला जायची. ती म्हणाली, ओल्या सालींचा ड्रम भरून आणला, झाकण लावलं, मार्चच्या उन्हात चार दिवस घरामागं ठेवला, आणि त्यातलंच घातलं.

संगितानं पिशवीतून खायचा सोडा आणि तेलाची बाटली काढली, तसे बापू उठले. देवीच्या तोंडात औषध गेलं तर पाडा जळेल, असं त्यांनी जाहीर केलं. आणि शेळी गेलीच तर ते देवीनं देह ठेवणं असेल; मग इथंच देऊळ बांधायचं. जिवलीचं अंगण त्यांनी परस्पर देवळाला देऊनही टाकलं.

रांग सांभाळणारा लाहू आडवा आला. हा ताडावर चढणारा गडी, तीन दिवस कामधंदा सोडून देवीची सेवा करत होता.

"मॅडम, पाया पडतो. हात नका लावू."

भांडायचं त्राण संगितात नव्हतं. ती म्हणाली, नाही लावत. तू फक्त मागचा ड्रम उघड. लाहूनं झाकण काढलं आणि तोंड मागं घेतलं. 

"वास कसला?"

"चढलेल्या ताडीचा."

"पहाटे गोड असते, ती दुपारी अशी का होते?"

"उन्हानं आंबते."

"तिच्यात देवी येते का?"

लाहूनं नाही म्हणून मान हलवली. मग मांडवाकडे वळून तो एवढ्या मोठ्यानं बोलला की रांगेचं शेवटचं टोक गप्प झालं. "शेळीला चढलीय. आन् आपण नारळ फोडतोय."

"नुसती चढली असती तर उतरली असती," संगिता म्हणाली. "तिचं पोट आंबलंय. ती डुलत नाही, मरते आहे."

हे ऐकून जिवली पुढं आली. तिनं बापूंना बाजूला ढकललं आणि शेळीचा जबडा स्वतः उघडला. सोड्याचं पाणी पाजलं, तेल पाजलं, दोघींनी कूस चोळली. शेळीनं ढेकर दिली, त्या आंबूस वासानं पुढच्या रांगेतल्या भक्तांनी नाकाला पदर लावले. बापू मिळालेल्या दोन कोंबड्या घेऊन निघून गेले.

संध्याकाळी शेळी चालू लागली. तिसऱ्या दिवशी तिनं मेलेलं करडू टाकलं. जिवलीनं ते गोणपाटात गुंडाळून पुरलं.

संगिता भेटायला गेली तेव्हा म्हणाली, चूक माझीही आहे. दुसरं पान नीट सांगायला हवं होतं.

"मला पयलं पान तरी कुठं वाचता येतंय, मॅडम," जिवली म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच संगिताला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी ती कागद न घेता आली. जिवलीच्या अंगणात ताडपत्रीवर ताज्या साली पसरल्या, पाड्याला बसवलं. "जनावर डुललं किंवा माणूस घुमायला लागला, तर हात जोडायच्या आधी विचारा, याच्या पोटात काय गेलं, कधी गेलं, आणि दवाखाना किती लांब आहे. कोणी विचारू नका म्हणालं, तर त्याच्यावर पहिला संशय घ्या. मी सांगितलेलंसुद्धा विचारल्याशिवाय करू नका."

 मग जिवलीनं विचारलं, "साल किती वाळली म्हंजे वाळली?"

संगितानं कडेची एक साल उचलून तिच्या हातात दिली. "मोडून बघ," ती म्हणाली. "नुसती वाकली तर ओली."