मसणवटीवरची टिनं

"भाऊ, मसणवटीवर छपराची टिनं टाकून देसान का?"

बेबीताईंच्या अंगणात खुर्चीवर बसलेले मधुसूदनराव बोलता बोलता थांबले. जिल्हा परिषदेचे उमेदवार, दारव्ह्याचे वकील. देश, विचार, निष्ठा असं त्यांचं चाललं होतं. बेबीताईंच्या प्रश्नानं त्यांच्याच मुलाचा, नयनचा चेहरा उतरला. पक्षाचं गावातलं सगळं काम तोच पाहायचा.

"आई, हे काय इचारून राह्यली?"

"मंग कोणाले इचारू?"

"बघू, काकू," मधुसूदनराव हसले. "नानाजींचं घर म्हणजे आपलंच घर."

बेबीताईंचे मालक नानाजी जन्मभर याच पक्षासाठी राबले. गेल्या श्रावणात ते वारले, तेव्हा पावसाची झड लागली होती. सरण उघड्यावर रचावं लागलं. संध्याकाळी नयन घरी येऊन म्हणाला, "चांगलं झालं सगळं." पण दुपारीच तो गुरांच्या कोठ्यातून डिझेलची कॅन आणि जुने टायर नेताना बेबीताईंना दिसला होता. त्यांनी काही विचारलं नाही. तेव्हापासून चुलीत ओलं लाकूड सूं करू लागलं की त्या उठून बाहेर जात. डोळा लागला की नानाजी दारात उभे दिसत, ओलेचिंब, कुडकुडत. म्हणत, "अजून झालं नाही वो माह्यं."

दुसरा उमेदवार राजदीप. आजवर तीन झेंडे बदललेला. त्यालाही बेबीताईंनी तेच विचारलं. तो चहा न घेताच मसणवटीकडे गेला आणि चिखलानं भरलेल्या बुटांनिशी परतला.

"टाकतो, काकू. खांब सिमेंटचे लागतीन. तिथं वारा लय हाय."

मतदानाच्या दिवशी नयन शाळेपासून लांब, पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या देत बसला होता. मत देऊन बेबीताई सरळ त्याच्यापाशी आल्या.

"राजदीपले देलं. तुले दुसऱ्याकडून समजू नये म्हून सांगतो."

नयननं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "सरण दोन खेप इझलं, आई. मंग टायर टाकले."

"मालूम हाय मले."

"सकाळी मीबी त्यालेच देलं."

बेबीताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात शेजारचे धावजी नंबर विचारायला आले. नयननं चिठ्ठी लिहून दिली आणि उठून उभं राहून हात जोडले.

"काका, आपल्याच निशाणीवर बटन दाबजा."