जनतेची दहा मिनिटं

विदीफोर्डच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, बैठकीत सुरुवातीची दहा मिनिटं जनतेची असत, आणि गेली तीन वर्षं जनता म्हणजे एकट्या डॅफ्नी क्रॉसलीबाई.

गावच्या हॉलमध्ये टेबलामागे पंचायतीची माणसं बसायची. समोर घडीच्या खुर्च्यांची रांग, आणि त्या रांगेत मधोमध लोकरीची टोपी घालून, काठीसारख्या ताठ, डॅफ्नीबाई. मूळच्या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, यॉर्कशरच्या. तिकडच्या लोकांना साखरेत घोळून बोलायची सवय नसते, आणि दक्षिणेकडच्या डेव्हनमधल्या या गावाला तर साखरेशिवाय काही गिळवतच नाही.

"अध्यक्ष, मला तीन गोष्टी मांडायच्यात," जानेवारीच्या बैठकीत त्या उभ्या राहून म्हणाल्या.

"तीनच? तब्येत बरी आहे ना, बाई?" अध्यक्ष विल्फ्रेड यीओ म्हणाले. टेबलामागे खसखस पिकली.

डॅफ्नीबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. बसथांब्याचं छप्पर गळतंय, बाक ओला होतो. वळणावरचं कुंपण इतकं माजलंय की समोरून येणारी गाडी दिसत नाही. आणि चर्चच्या पायऱ्यांवर शेवाळ आलंय, धरायला कठडा नाही.

"बघू," विल्फ्रेड म्हणाले.

"बघू म्हणजे कधी?"

"बघू म्हणजे बघू."

विल्फ्रेड, म्हणजे गावाचा विल्फ, माणूस वाईट नव्हता. सारी हयात गाई पाळण्यात गेली. गुडघे बोलू लागले तेव्हा गोठा विकला आणि रिकामपण खायला उठलं, म्हणून पंचायतीत शिरला. पायऱ्यांचं दुखणं त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण चर्च म्हणायचं त्या पायऱ्या जिल्ह्याच्या, जिल्हा म्हणायचा चर्चच्या. दोघांच्या भांडणात पडायचं कुणी? शिवाय त्याच्या डोक्याला दुसराच घोर लागला होता. पंचायतीच्या सात जागांपैकी तीन रिकाम्या होत्या. फलकावरची जाहिरात उन्हापावसानं पांढरी पडली, तरी एक माणूस पुढे येईना. त्यातच म्हातारा बार्नबी वसंतात मुलीकडे राहायला जाणार होता. मग उरणार तिघं. त्यातल्या एकाला सर्दी झाली की बैठकच भरायची नाही. असंच चाललं तर विदीफोर्ड शेजारच्या मोठ्या मार्कवुडला जोडून टाकू, असं जिल्ह्यातून बोललं जात होतं.

"पुढच्या वर्षी आपल्या गवतावर मार्कवुडवाले यंत्र फिरवणार," चिटणीस ग्लेनिस म्हणाली. "आणि नाताळचं झाड कुठे उभं करायचं तेही तेच सांगणार."

फेब्रुवारीच्या बैठकीला डॅफ्नीबाईंची खुर्ची रिकामी होती.

दहा मिनिटं राखून ठेवायची म्हणजे ठेवायचीच, असा नियम. सगळे गप्प बसून राहिले. कोपऱ्यातला हीटर टिकटिकत होता. बार्नबीनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"कसं शांत वाटतंय, नाही?" तो म्हणाला.

विल्फला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हसतखेळत जेवताना अचानक घासात खडा लागावा तसं झालं. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "थेल्मा, ती क्रॉसलीबाई आज आलीच नाही."

थेल्मा विणकामातून मान वर न करता म्हणाली, "कशी येईल? रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरून पडली. पाय मोडलाय. सगळ्या गावाला ठाऊक आहे, अध्यक्षांनाच तेवढं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फ एकटाच पायऱ्यांकडे गेला. लहानपणापासून हजारदा चढला-उतरला होता, पण खाली बघून कधी नाही. यू नावाच्या दाट झाडाच्या सावलीत दगड हिरवेगार झाले होते. चौथ्या पायरीवर त्याचाच बूट सटकला. हाताशी फांदी आली म्हणून वाचला. तिथेच तो फांदीला धरून उभा राहिला, आणि आपण भर सभेत केलेला तब्येतीचा विनोद आठवून त्याचे कान तापले.

थेल्मानं केलेला सफरचंदाचा केक घेऊन तो डॅफ्नीबाईंच्या दारात उभा राहिला.

"दार उघडंच आहे, ढकला!" आतून आवाज आला. "ओढू नका, ढकला! हां, या. त्या खुर्चीत नको, ती मांजराची आहे."

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बाई खिडकीशी बसल्या होत्या. विल्फनं केक ठेवला, टोपी काढली.

"बाई, चूक पंचायतीची आहे. म्हणजे माझी."

"अर्धी तुमची. अर्धी माझी, मी घाईत होते. शेवाळ आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? केक कापा. सुरी त्या खणात."

शिव्या खायच्या तयारीनं आलेला माणूस, त्याला केक कापावा लागला. दोन घास खाल्ल्यावर त्यानं धीर करून विचारलं, "एक विचारू? दर महिन्याला येता, आम्ही काही करत नाही. तरी का येता?"

बाईंनी बशी मांडीवर ठेवली. "मी जन्मभर वॉर्डात नर्स होते. कण्हणाऱ्या पेशंटची मला कधी भीती वाटली नाही. कण्हतोय म्हणजे जीव आहे, कुणीतरी ऐकेल अशी आशा आहे. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेला असायचा ना, त्याच्याकडे मी आधी धावायचे. तुमचं गाव तसं गप्प पडलंय, मिस्टर यीओ."

"गप्प? पबमध्ये येऊन बघा!"

"पबमध्ये बोलतात, पंचायतीत बोलतात का? तो ओला बाक मला कुठे त्रास देतो? माझ्याकडे गाडी आहे. बसनं जाणाऱ्या बायका मला सांगतात. आणि पायऱ्यांचं म्हणाल तर ती ट्रुडजन आजी. दोन वर्षं झाली, वर चर्चच्या आवारात नवऱ्याच्या कबरीवर गेली नाही. चढवत नाही. तुम्हाला बोलली?"

आजीचा नवरा हेडली ट्रुडजन म्हणजे विल्फचा शाळेतला सोबती. त्याच्या शवपेटीला विल्फनं खांदा दिला होता.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"कारण विल्फ काय म्हणेल ते तिला आधीच ठाऊक आहे."

हा घाव वर्मी बसला. तो हसला, पण हसताना त्याचे डोळे खाली होते. जायला उठताना म्हणाला, "आमच्या जागा रिकाम्या आहेत. तुम्ही का येत नाही टेबलामागे?"

"मी? परगावची? आजीच्या आजीपासून इथे राहणारे लोक फाडून खातील मला."

"त्यांच्यातलं कुणी येत नाही ना, मग बोलतील कशाला?"

"आधी कठडा लावून दाखवा," बाई म्हणाल्या. "मग बोलू."

विल्फनं मनावर घेतलं. गाय अडली की रात्रंदिवस तिच्याजवळून न हलणारा माणूस तो, तसाच या कामाला चिकटला. आधी पाद्रीबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, आमची ना नाही, पण जिल्ह्याचा होकार लागेल. जिल्ह्याच्या कचेरीत फोन केला, तर पाहणी पुढच्या वर्षी. पुन्हा केला. पुन्हा पुढच्या वर्षी. शेवटी तो स्वतः कचेरीत गेला आणि रस्ते खात्याच्या साहेबाला गाडीत घालूनच घेऊन आला. पाऊस भुरभुरत होता. साहेबांच्या पायात गुळगुळीत तळव्यांचे शहरी बूट.

"साहेब, तेवढं उतरून दाखवा," पायऱ्या चढून वर गेल्यावर विल्फ अदबीनं म्हणाला.

साहेब एक पायरी उतरले. दुसरीवर त्यांनी विल्फची बाही घट्ट धरली. तिसरी उतरायच्या आधीच ते थांबले.

"लावा तुमचा कठडा," ते म्हणाले. "कागद मी बघतो."

लोहारानं कठडा घडवला. तो बसवायचा त्या शनिवारी विल्फ खरवडणी आणि ब्रश घेऊन एकटाच पायऱ्यांवर गुडघे टेकून बसला. थोड्या वेळानं पबचा आचारी लायनेल बादली घेऊन आला. मग पोर कडेवर घेऊन केझिया आली. तिची बाबागाडी त्या पायऱ्यांवरून कधी जायची नाही. दुपारपर्यंत निम्मं गाव तिथे. शेवाळ खरवडताना लोक बोलत होते, आणि विल्फ ऐकत होता. पुलाखाली ओंडका अडकलाय, ओढा चढला की पाणी थेट गल्लीत येतं. झोक्याची साखळी गंजलीय. जंगलाकडच्या पायवाटेचं फाटक उघडत नाही. किती काय काय! आणि कुणी रागानं नाही, सहज बोलत होतं, जसं घरातल्या माणसाशी बोलावं.

कठडा बसला. पहिली चढली ती ट्रुडजन आजी. एका हातात पिवळी डॅफोडिल्स, दुसरा हात लोखंडावर. पायरीपायरीवर थांबत होती, पण कुणाचा हात घेतला नाही. वर पोचल्यावर ती कबरींकडे वळली तेव्हा खालच्या सगळ्यांनी उगाच ब्रश धुवायला घेतले. कुबड्यांवर उभ्या असलेल्या डॅफ्नीबाईंनी नाक ओढलं.

"सर्दी झालीय का, बाई?" विल्फनं विचारलं.

"परागकणांची ॲलर्जी," त्या फणकारल्या.

एप्रिलात गावची वार्षिक सभा असते. दरवर्षी अध्यक्षांनी अहवाल वाचायचा, पंचायतीनं तो ऐकायचा आणि आपापल्या घरी जायचं. या वेळी लायनेलला पबातून बाक आणावे लागले. विल्फनं वर्षाचा पाढा वाचला: कुंपणं छाटली, मैदानाचं गवत कापलं, नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं. मग त्यानं कागद बाजूला ठेवला.

"बसथांब्याचं छप्परही झालं, कालच. ते तीन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. आम्हाला सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. आता बार्नबी जातोय. माणसं नाही मिळाली तर हे सगळं मार्कवुडला जाईल. मला कुणावर जबरदस्ती नाही करायची. पण..." त्याला पुढचं सुचेना.

डॅफ्नीबाई कुबड्या सावरत उठल्या. "माझं नाव घाला. वाक्य तरी पूर्ण करता येईल कुणाला."

हशा पिकला. त्या हशातच केझियानं हात वर केला. म्हणाली, पोराला घेऊन आलं तर चालणार असेल तर मी येते. आणि मागून लायनेल म्हणाला, "बैठकीच्या मंगळवारी पब थंडच असतो, मीही येईन." एक जागा तरीही रिकामी राहिली, पण तिची कुणाला धास्ती वाटेना. मे महिन्याच्या बैठकीत तिघांनाही रीतसर पंचायतीत घेतलं, आणि मार्कवुडचा विषय जिल्ह्यात पुन्हा निघाला नाही.

त्या एप्रिलच्या संध्याकाळी मात्र सभा संपली तरी लोक हलेनात. हॉलबाहेर घोळके करून, पुलाखालचा ओंडका बैलांसारखं जोर लावून ओढायचा की करवतीनं कापायचा यावर वाद चालला होता. ट्रुडजन आजीसुद्धा कापायच्या बाजूनं तावातावानं बोलत होती. थेल्मा विल्फचा कोट घेऊन खोळंबली होती.

"चल की रे, जेवण निवतंय."

"आलो, आलो," विल्फ म्हणाला, आणि चार पावलं चालून पुन्हा मागे वळला. "लायनेल! सकाळी ओढ्यावर ये. गमबूट घालून ये, पाणी अजून गार आहे!"