झिपरूबाबांचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. जुना म्हणजे किती? अवघा सहा वर्षांचा. या वयात तुमच्यातली मुलं नुकती शाळेत जायला लागतात आणि आमच्यातले बरेचसे भंगारात जातात. मी अजून धानोऱ्याच्या एका घरात, खिडकीशेजारच्या टेबलावर बसून आहे. पण मागच्या वर्षी जे घडलं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. ते तुम्हाला सांगावं, असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात चार टाक्या आहेत: काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी. शाई जिथून कागदावर पडते ती छिद्रं केसाहूनही बारीक आहेत. जगातले सगळे रंग मी या चारांतूनच करतो. नंदुरबारच्या दुकानातून हेमकांतभाऊंनी मला आणलं तेव्हा त्यांच्या आईने, भिकुबाईंनी, मला कुंकू लावलं होतं. सुरुवातीची वर्षं फार आनंदात गेली. हेमकांतभाऊंची मुलगी रुचिका हिच्यासाठी मी मोर छापले, फळं छापली, नकाशे छापले. तिची आई स्वप्नाली म्हणायची, "याचे रंग खऱ्याहून गोड येतात." ते ऐकून मला धन्य वाटायचं.

मग घरातले आजोबा, झिपरूबाबा, आजारपणात गेले.

तुम्हाला ठाऊक असेल, घरात दुःख झालं की वर्षभर सण होत नाहीत, गोडधोड होत नाही. भिकुबाईंनी तर एक पाऊल पुढे टाकलं. बाराव्यानंतर रुचिकाचं काही तरी रंगीत छापून निघालं, तो कागद हातात घेऊन त्या म्हणाल्या, "वरीसभर घरमा रंग नको."

हेमकांतभाऊ म्हणाले, "माय, मशिनले कसानं दुख?"

"मशिन याच घरमा शे ना? मंग त्यालेबी दुख शे."

आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून भाऊंनी मला फक्त काळ्या छपाईवर ठेवलं. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा अर्ज, बाकी दिवस अंगावर पांढरं फडकं. शाई वाचतेय, मशीन जपलं जातंय, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही तेच वाटलं. माझ्या आत गुलाबी शाई छिद्रांच्या तोंडाशी वाळत चालली आहे, हे मला तरी कुठे कळलं होतं?

वर्षश्राद्धाचा आदला दिवस आला. पाटावर ठेवायला बाबांचा फोटो हवा होता. बाबांना फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा. त्यामुळे चांगला असा एकच फोटो होता, रुचिकाच्या वाढदिवसाला दारात उभे असतानाचा, त्यांच्या जाण्याआधी तीन महिन्यांचा. तोही मोबाईलमध्ये, बोटाच्या पेराएवढा चेहरा. भिकुबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन बाबा गेल्यानंतर झालेलं. नव्या नजरेने त्यांना नवऱ्याचं तोंड एकदा नीट बघायचं होतं. वर्षभर त्या हेच एक मागत होत्या. फ्रेम आणून ठेवली होती, पण फोटोवाला दुकान बंद करून लग्नाला गेलेला. म्हणून माझ्यावरचं फडकं निघालं.

मी कागद ओढला आणि छापला. बाहेर आलेला फोटो पाहून मीच गारठलो. चेहऱ्यावर पांढऱ्या आडव्या रेघा, आणि चेहरा हिरवा.

भिकुबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाल्या, "हेमकांत, हाऊ कोन शे?"

"बाबा शेतस, माय."

"मन्हा माणूस काय दुधीभोपया व्हता का?"

बाबांचे धाकटे भाऊ मगनकाका खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "दोन थापडा मार त्याले. मन्हा टीवी असाच सुधरना व्हता."

थापडा बसल्या नाहीत, पण जे झालं ते थापडांहून वाईट. भाऊंनी साफसफाईची आज्ञा दिली, पुन्हा दिली, सात वेळा दिली. दर वेळी माझ्या पोटातली शाई भसाभस वाया जात होती. शेवटी स्वप्नालीने विसरवाडीच्या इमॅन्युएलला फोन लावला. तो संगणक आणि प्रिंटर दुरुस्त करतो.

"किती वेळा क्लीनिंग केलं, भाऊ?"

"सात."

"सात? अहो, ते मशीन आहे, एरंडेल पाजायचं पोरगं नाही. आता हात लावू नका. तीन तास विसावू द्या, भिजलेली शाई सुटते. मग एकदाच क्लीनिंग, आणि नोझल चेकचं, म्हणजे छिद्रं तपासायचं, पान काढा. चारही रंगांच्या रेघा अखंड आल्या, तरच फोटो. आणि कागद कुठला घातला?"

"फोटोनाच शे, चकचकीत."

"चकचकीत बाजू छपाईकडे आहे ना? आणि सेटिंगमध्ये साधा कागद ठेवलाय की फोटोचा?"

भाऊंनी कागद बाहेर काढून पाहिला. कागद उलटा होता आणि सेटिंग साध्या कागदाचं.

दुपारी सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. चाचणीच्या पानावर माझ्या चारही रंगांच्या रेघा पायऱ्यांसारख्या उमटल्या, एकही तुटली नाही. मग कागद सुलट, सेटिंग फोटोचं, गुणवत्ता सगळ्यात वरची. मी सावकाश, जीव ओतून छापलं. पागोट्याऐवजी बाबा टोपी घालत, तिची घडी दिसली. हनुवटीवरचे पांढरे खुंट दिसले. पण भाऊंच्या कपाळाला आठी पडली.

"डोया पिवया वनात. पिवया रंग जास्ती पडी ऱ्हायना."

पुन्हा चाचणी. पान निर्दोष. पुन्हा फोटो. डोळे तसेच, हळद लावल्यासारखे पिवळे. मी घाबरलो. माझा दोष मलाच सापडेना.

स्वप्नालीने फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. ती म्हणाली, "टोपी देखा. दूधसारखी पांढरी शे. मशिननी चूक ऱ्हाती ते टोपीबी पिवयी येती."

भाऊंनी मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला, तिथेही डोळे पिवळेच.

मित्रांनो, झिपरूबाबा काविळीने गेले होते. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात, पण कळलंच नाही हो कुणाला. आणि इथे, जाण्याच्या तीन महिने आधीच्या फोटोत, वाढदिवसाच्या फुग्यांखाली, ते डोळे सगळ्यांकडे बघत होते.

भिकुबाई खाली बसल्या. "तुन्हा बाप माले रोज सांगे, चहा कडू लागस. मी म्हने, नखरा नको करू."

भाऊंनी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "माय, मोबाईलमा डोया पांढरा करता येतस. मी सुधारी टाकस."

"नको. जसा व्हता तसाच लाव."

मग त्यांनी भाऊंना दारात उजेडाला उभं केलं, अंगठ्याने पापणी खाली ओढून डोळ्यांत पाहिलं. मग स्वप्नालीच्या, मग रुचिकाच्या. मगनकाका मागे सरकले.

"वहिनी, मन्हा डोया लाल शेतस, पिवया नहीत."

"लाल कसामुये शेतस, ते माले माहीत शे. इकडे ये."

कुणी हसलं नाही. काका लहान मुलासारखे पुढे आले.

मित्रांनो, माझ्याकडून चांगली छपाई हवी असेल तर मला फडक्याखाली जपू नका. आठवड्याला एक रंगीत पान पुरे. नेमधर्मासारखं, थोडंसं, पण न चुकता. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चांगला उजेड असेल तिथे बसवत जा. कुणी म्हणालं, आज चहा कडू लागतो, तर साखर वाढवण्याआधी त्यांच्या डोळ्यांत बघा.