माझ्या वाट्याचा पाय

मी बोलतोय. इकडेतिकडे नका शोधू, खाली बघा. गिटार वाजवणाऱ्याच्या पायांपाशी फळीवर चार-पाच डबे मांडलेले असतात ना, त्यातला डाव्या कोपऱ्यातला केशरी डबा म्हणजे मी. आम्हाला पेडल म्हणतात. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तोंड लपवायला नको. मी भारी जळकुकडा आहे. शेजाऱ्याला नवी वायर मिळाली तरी माझ्या पोटात दुखतं.

माझा जन्म एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर झाला. त्याने एका जाड पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, आत सुटे भाग डाख देऊन बसवले, वर पायाने दाबायचं एक बटण आणि एक मिणमिणता लाल दिवा लावला. फाटकाला देऊन उरलेला केशरी रंग होता, तो मला फासला. म्हणजे मी सगळा उरल्यासुरल्याचाच. पण आवाज विचाराल तर! गिटारचा सूर एका वायरीतून माझ्यात शिरतो तेव्हा शहाण्या मुलासारखा असतो. दुसऱ्या वायरीतून बाहेर पडतो तो गुरगुरत, दात-ओठ खात. ती करामत माझी.

रेडिओवाल्याने मला आपल्या मित्राला देऊन टाकलं. हा मित्र चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतो. धाकटी बहीण गाते, एक ड्रमवाला आहे, एक कीबोर्डवाली आहे. दुकानामागच्या खोलीत रविवारी सकाळी यांची तालीम. मी त्याला मनातल्या मनात चष्मेवाला म्हणतो. सव्वीस वर्षं झाली.

सव्वीस वर्षं तो डाव्या पायाने माझं बटण दाबत आला. लाथ खाऊन खूश होणारा प्राणी जगात मी एकटाच असेन. पण ती लाथ नव्हतीच हो! आधी टाच टेकायची, मग चवडा अलगद खाली यायचा, आणि टक्. त्याच्या बुटाचा तळ कुठे झिजलाय हे त्याच्या बायकोला माहीत नसेल, मला माहीत आहे.

पुढे फळीवर गर्दी झाली. निळा आला, तो एकाच सुराचे चार प्रतिध्वनी करतो. एक पांढरा आला, तो नुसता आवाज वाढवतो. यात कसलं आलंय कौशल्य? तो तर माझ्याच जिवावर ओरडतो. दोघांचाही मी मनसोक्त हेवा केला. तरी एक समाधान होतं. गाण्यात रंग भरायचा क्षण आला की पाय माझ्याकडेच यायचा.

आमचं एक मोठं गाणं आहे. त्यात बहीण शेवटची ओळ सोडते आणि पुढच्या ठेक्याच्या आत चष्मेवाल्याने मला चालू करायचं, निळा बंद करायचा, पांढरा चालू करायचा. एका श्वासात तीन बटणं, आणि सगळा भार उजव्या पायावर. मग गिटारचा लांबलचक एकट्याचा तुकडा, ज्याला ते सोलो म्हणतात.

बहीण दर वेळी म्हणायची, "दादा, तू गिटार वाजवतोस की झुरळं मारतोस?"

तो हसायचा. झुरळं तर झुरळं, पहिलं मीच असायचो.

मग तो दुकानाच्या माळ्यावरून खोकी उतरवताना शिडीवरून घसरला. उजवा गुडघा. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, पण एका पायावर उभं राहणं संपलं. तो स्टुलावर बसून वाजवायला लागला. बसल्या जागेवरून एक बटण कसंबसं दाबलं जायचं, तीन दाबेपर्यंत गाणं निघून गेलेलं असायचं. दोन रविवार त्याने तो तुकडा चुकवला. तिसऱ्या रविवारी ड्रमवाला काठ्या पिशवीत भरता भरता म्हणाला, "दादा, माझ्या ओळखीचा एकजण आहे. गिटार बरी वाजवतो. तुमचा पाय बरा होईपर्यंत..."

"बरं," चष्मेवाला म्हणाला.

बहीण म्हणाली, "अरे, काहीतरीच काय! आपण ते मोठं गाणंच काढून टाकू."

"बरं," तो याही वेळी म्हणाला. गिटार पेटीत ठेवताना त्याने तिच्या तारा फडक्याने पुसल्या. एरवी तो कधीच पुसत नाही. तेव्हाच मला कळलं की हा आता वाजवणं सोडणार. याची जागा गेली म्हणजे माझीही गेली. नव्या गिटारवाल्याबरोबर नवे डबे येणार, आणि मी माळ्यावर.

त्याची मुलगी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करते. गाडीत सामान भरायला आली होती, तिने सगळं ऐकलं. पुढच्या शनिवारी ती एक खोकं घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर उघडलं. आत लांबट, काळा, गुळगुळीत एक प्राणी. पुढे पाच बटणं, पाठीमागे भोकंच भोकं.

"हा स्विचर, बाबा," ती म्हणाली. "आता सगळे डबे एकमेकांना जोडायचे नाहीत. प्रत्येकाच्या दोन वायरी याच्याकडे येणार. तुम्ही याचं एकच बटण दाबायचं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, ते हा बघेल."

"आणि यांची बटणं?"

"ती कायम चालू. समजा, प्रत्येक डबा एक खोली आहे. खोलीतला दिवा सारखा जळत ठेवायचा. दाराची कडी तेवढी याच्या हातात."

ऐकलंत? कडी त्याच्या हातात! सव्वीस वर्षं राबलो मी, आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. त्या क्षणापासून मी त्याचं नाव ठेवलं साहेब. गुरगुरायचं मी, घुमायचं निळ्याने, आणि पाय घेणार साहेब. सगळ्या कचेऱ्यांमध्ये असंच असतं म्हणा.

दिवसभर मांडणी चालली. तिने नवी फळी कापली, आम्हाला चिकटपट्टीने बसवलं, आखूड वायरी मोजून कापल्या. साहेब पुढे ऐसपैस. आम्ही मागच्या रांगेत. ती मला उजवीकडे ठेवत होती, तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "केशरी डावीकडेच राहू दे. तिथेच असतो तो."

एवढंच काय ते माझं कौतुक.

मग साहेबाला शिकवणी सुरू झाली. पहिलं बटण साधा आवाज, दुसरं निळा, तिसरं पांढरा, चौथं म्हणजे मोठ्या गाण्यातला तो तुकडा: निळा बाहेर, पांढरा आणि मी आत. बटण नुसतं दाबून भागत नाही. जुळणी केल्यावर तेच बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, तेव्हा कुठे साहेबाच्या डोक्यात ते राहतं. चष्मेवाला नेमकं तेच विसरला. जेवून आला तर साहेबाची पाटी कोरी! मला जो काही आनंद झाला म्हणता.

"पुन्हा करू," मुलगी म्हणाली. पुन्हा केलं. या वेळी राहिलं. माझा आनंद तिथेच मावळला.

रविवारी तालमीला बहिणीने शेवटची ओळ सोडली. चष्मेवाल्याने बसल्या बसल्या चौथं बटण दाबलं, टक्, आणि मी गरजलो. वेळेवर, अगदी ठेक्यावर. त्याने पूर्ण तुकडा वाजवला आणि लहान पोरासारखा खिदळला. बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. ड्रमवाला मान खाली घालून म्हणाला, "मोठं गाणं कार्यक्रमात घेऊया की मग."

आवाज माझा होता हो! पण सगळे बघत होते साहेबाकडे. कीबोर्डवालीने तर त्याच्यावर हात फिरवला. "काय सुंदर आहे!" म्हणे. अंगाचा तिळपापड झाला माझा.

सहा आठवडे असेच गेले. पाय यायचा, साहेबावर पडायचा, परत जायचा. तालीम संपली की चष्मेवाला चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने साहेबाला पुसायचा. माझ्या बटणावर धुळीचा थर. माझा दिवा म्हातारा झालेला, उभ्या माणसाला तो जळतोय की विझलाय तेही दिसत नाही. मी एकच गोष्ट मागत होतो. एकदा, फक्त एकदा तो पाय माझ्यावर येऊ दे. आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक मागत होतो. त्या साहेबाची चार लोकांत फजिती होऊ दे.

दोन्ही मागण्या एकाच संध्याकाळी पुऱ्या झाल्या.

मोठं सभागृह, खुर्च्या भरलेल्या. मुलगी मागे आवाजाच्या टेबलापाशी. तीन गाणी छान झाली. मग मोठं गाणं लागलं. बहीण अशी गात होती की चष्मेवाल्याला बसवेना. शेवटच्या ओळीला तो स्टुलाला टेकून चक्क उभा राहिला. ओळ संपली. त्याने चौथं बटण दाबलं. कडी उघडली, सूर माझ्यात शिरला, मी तोंड उघडलं.

आणि तो पाय तिथून उचलला गेला. साहेबाला ओलांडून, मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात. आधी टाच टेकली. मग चवडा अलगद खाली आला.

टक्.

सव्वीस वर्षांची सवय हो. उभा राहिला आणि पायाला जुनी वाट आठवली. तो माझ्यावर आला आणि मी कृतकृत्य झालो, आणि त्याच क्षणी विझलो. कारण मी तर आधीच चालू होतो! त्याने मला बंद केलं होतं.

गिटारमधून एक केविलवाणा, उघडा सूर निघाला. पांढरा त्याला जोरजोरात ओरडायला लावत होता, त्यामुळे तो आणखीच केविलवाणा. चष्मेवाल्याचा चेहरा पडला. त्याने खाली पाहिलं. साहेबाचा चार नंबरचा दिवा लख्ख जळत होता. त्याने चौथं बटण पुन्हा दाबलं. काही नाही. तिसरं, परत चौथं. काही नाही. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. मुलगी टेबलामागे उभी राहून हातवारे करत होती, पण त्याला ते कळत नव्हते.

मला सगळं कळत होतं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, माझ्याकडे बघ, मी विझलोय! पण मला आवाज कुठला? माझा आवाज म्हणजे त्याचीच गिटार.

साहेबाची फजिती बघायला मी सहा आठवडे थांबलो होतो. झाली. पण तिकडे बघायला माझं मन जागेवर नव्हतं. ड्रमवाला चष्मेवाल्याकडे बघत होता, त्याच नजरेने, काठ्या पिशवीत भरतानाच्या.

बहीण मात्र पक्की. तिने ठेका सुटू दिला नाही, शेवटची ओळ पुन्हा उचलली, जसं काही ठरलेलंच होतं. तेवढ्या अवधीत चष्मेवाला स्टुलाची कड धरून वाकला. गुडघा कटकन वाजला, मी ऐकलं. त्याने डोळे बारीक करून माझ्या दिव्याकडे पाहिलं आणि पुटपुटला, "अरे, मीच की!"

आणि त्याने मला बोटाने दाबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोटाने.

पुढचं काय सांगू? असा गरजलो, असा गरजलो की छतावरचे दिवे थरथरले असतील. तुकडा पुरा झाला. टाळ्यांमध्ये बहीण डोळे पुसत होती आणि कोणाला दिसू नये म्हणून पाणी पीत होती.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे ड्रमवाला तावातावाने म्हणाला, "दादा, ते काळं खोकं काढून टाका. ऐनवेळी दगा दिला त्याने."

आली होती माझी संधी! चष्मेवाल्याने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कोणाला कळणार होतं?

"त्याची काही चूक नाही," तो म्हणाला. "उभा राहिलो आणि जुन्या सवयीने केशरीवर पाय पडला. चूक माझी."

"मग केशरी काढ ना," बहीण म्हणाली. "पुन्हा पडेल पाय. दुसरा काहीतरी बसव."

माझा दिवा जळत होता की नाही, मला आठवत नाही.

मुलगी म्हणाली, "आत्या, तसला आवाज दुसऱ्यात नाही."

"नाहीच," चष्मेवाला म्हणाला. "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी त्याने भिंगं पुसायच्या औषधाच्या बाटलीचं जाड झाकण घेतलं आणि माझ्या बटणावर पालथं घालून पत्र्याला घट्ट चिकटवलं. आता कितीही पाय आपटा, बटण दबत नाही. फळीवर राहायचं असेल तर पाय सोडायचा, असा तो सौदा होता. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो, थोडी कुरकुर करून.

आजही पुढच्या रांगेत साहेब मिरवतो, मऊ फडक्याने पुसला जातो, आणि आजही मी जळतो. नाही कशाला म्हणू? तुम्ही कधी आमच्या कार्यक्रमाला आलात आणि चष्मेवाला उभा राहून पाय मागे टाकताना दिसला, तर लाज सोडून ओरडा. सांगा, तिकडे नको, झाकण असलं तरी नको.

पण आलात तर जरा लवकर या. पडदा उघडायच्या आधी तो फळीपाशी येतो. साहेबाकडे उभ्याउभ्याच एक नजर टाकतो, त्याचे दिवे लांबूनही दिसतात. माझा दिवा उभ्याने दिसत नाही. मग तो स्टुलाची कड धरतो, दात आवळतो, आणि तो न वाकणारा गुडघा वाकवून माझ्यापाशी खाली येतो.

साहेबासाठी तो कधीही वाकलेला नाही.