टपावरचा पाटा आणि सान गाब्रिएलची स्वारी

"कर्नलसाहेब, घोडे डब्यात आणि आम्ही टपावर, असं का हो?"

ओतिलियाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या शेजारीच होतो, आगगाडीच्या टपाला दोरीने करकचून बांधलेला. पैज टपावरच्याच चोनाने लावली होती. "आमच्यापुढे एवढी तोंडाळ आहेस ना, मग साहेबांना विचारून दाखव. विचारलंस तर उद्याचा तुझा मका आम्ही सगळ्या वाटू. नाही तर आमचा तू वाट!" गाडी इंजिनात पाणी भरायला थांबली होती. कर्नलसाहेब खाली मिशीला पीळ देत फिरत होते. आणि आमची ओतिलिया, जी काल-परवापर्यंत आईच्या शालीआडून बोलायची, ती टपावर ताठ उभी राहिली आणि तिने विचारलंसुद्धा!

साहेबांनी मान वर केली. "पोरी, घोड्याला शिडी चढता येत नाही."

सगळी फौज खो खो हसली. ओतिलियाचे कान मिरचीसारखे लाल झाले, पण ती काही खाली बसली नाही.

"मग उद्यापासून भाकऱ्याही घोड्यांनाच थापायला सांगा!"

आता तर साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी चोना आणि तिची टोळी माझ्यापुढे गुडघे टेकून मका वाटत होती, आणि ओतिलिया टपाच्या कडेला पाय सोडून ऊन खात होती. काय तो थाट!

मित्रांनो, मी एक जुना पाटा. काळा, खरबरीत, अंगभर बारीक भोकं असलेला. ज्या डोंगराने कधीकाळी आग ओकली, त्याच्याच दगडातून एका पाथरवटाने मला घडवलं. मला तीन पाय होते, पुढचा एक आखूड, म्हणजे वाटलेलं पीठ आपोआप पुढे घरंगळतं. नव्या पाट्यावर कुणी लगेच मका वाटत नाही. आधी मीठ आणि कोरडे दाणे वाटून टाकून द्यायचे, पुन्हा वाटायचे, पुन्हा टाकायचे, दगडाची कच निघून जाईपर्यंत. क्रेसेन्सियाच्या आईने हे सगळं केलं, मग लेकीच्या लग्नात मला तिच्या पाठीवर बांधून दिलं. आमच्याकडची रीतच आहे. पाटा आईकडून लेकीकडे जातो, आणि तो जातो लग्नाच्या दिवशीच. क्रेसेन्सियाला एकच लेक झाली, ओतिलिया. म्हणजे मी पुढे कुणाचा, हे तिच्या जन्मापासूनच ठरलेलं होतं. रांगायला लागल्यावर ती पहिल्यांदा धरून उभी राहिली ती मला!

मग युद्ध आलं. परक्यांशी नव्हे, आपलीच माणसं आपल्याच माणसांवर बंदुका रोखून उभी राहिली. क्रेसेन्सियाचा नवरा नाबोर सुतार होता. रंधा ठेवून तो सरकारविरुद्ध उठलेल्या उत्तरेच्या फौजेत गेला, आणि त्याच्यामागे आम्हीही गेलो. कारण या फौजेला मुदपाकखाना नव्हताच. ज्याची बायको त्याची चूल! बाई मागे राहिली तर शिपाई उपाशी. म्हणून डब्यात घोडे, टपावर शिपाई, बायका, पोरं, कोंबड्या, एक शिंगमोडी बकरी आणि मी. धावत्या गाडीच्या टपावर पत्र्यात निखारे ठेवून भाकऱ्या भाजल्या जात, आणि त्यांचा वास डब्यामागून डब्यावर असा पळत जाई, की शेवटच्या डब्यावरचे शिपाई ओरडत, "ए, कोण भाजतंय? आमच्या नाकाची तरी कीव करा!" वरून माझी वाहवा व्हायची. "क्रेसेन्सियाचा पाटा म्हणजे लोणी वाटतो लोणी!" मला उगाच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. दगडाला मांस! हसू नका.

स्वारी निघाली होती सान गाब्रिएलवर. चांदीच्या खाणींचं शहर. चहूकडे डोंगर, आणि डोंगरांवर सरकारी फौजेच्या तोफा. ते शहर पडलं की दक्षिणेची वाट मोकळी, असं सगळे म्हणत. पण आमच्या चुलीपाशी त्या शहरावर आणखी एक गोष्ट टांगलेली होती.

मागच्या एका लढाईत नाबोरच्या मांडीत गोळी घुसली होती. सार्जंट लिबोरियोने त्याला पाठुंगळी घेऊन गोळ्यांच्या पावसातून बाहेर काढलं. लिबोरियो म्हणजे भला माणूस. झुपकेदार मिशा, नाबोरपेक्षा थोडाच लहान, बायको तापाने गेलेली. त्याच्या मागे चूल नव्हती, म्हणून तो आमच्या चुलीवर जेवायचा, आणि प्रत्येक भाकरीला एकच शब्द बोलायचा, "खरपूस." एके संध्याकाळी नाबोरचे डोळे भरून आले आणि त्याने शब्द दिला, "सान गाब्रिएल पडलं की येणाऱ्या रविवारी माझी ओतिलिया तुझी."

लिबोरियोला घास लागला. क्रेसेन्सियाचा वरवंटा माझ्यावर जरा जोरात फिरला.

झालं! चोनाला तर सणच लागला. "काय गं सार्जंटीणबाई, भाकरी खरपूस भाजलीस ना?"

"मी त्यांना काका म्हणते गं!"

"मग आता म्हण, अहो काका!"

ओतिलियाने तिला पिठाचा गोळा फेकून मारला. पण हसली नाही. कारण तिचं मन भलतीकडेच होतं. आगगाडीच्या डब्यांवर रंगवलेली अक्षरं बोटाने गिरवत गिरवत ती वाचायला शिकली होती, आपली आपणच. तिला शाळेत जायचं होतं, खरीखुरी शाळा, फळा असलेली. त्यामुळे झालं असं, की फौज एक एक ठाणं जिंकत पुढे जाई, सगळे नाचत, आणि आमची ओतिलिया गप्प गप्प होई. शहर पडलं नाही तर बाबांचा जीव धोक्यात, पडलं तर तिचं लग्न!

आणि माझं? खरं सांगू का, मला ते लग्न हवं होतं. लग्न झालं तरच मी तिचा होणार होतो. स्वार्थी होतो मी. दगडच शेवटी.

पुढे रूळ उखडलेले निघाले आणि गाडी थांबली. आता पायपीट. नाबोर म्हणाला, "क्रेसेन्सिया, तो धोंडा टाक इथेच. कंबर मोडेल तुझी."

"मी टाकला तर उद्या खाल काय? बंदुकीचा दस्ता?"

"अगं, पण वजन..."

"बाबा, मी घेते," ओतिलिया म्हणाली. तिने शाल पसरली, मला त्यात गुंडाळलं आणि ओझ्याचा पट्टा कपाळावर अडकवून उभी राहिली. मी जितकं हलकं होता येईल तितकं व्हायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही.

फौजेतल्या बायकांची एक सवय होती. मुक्काम हलायचा असला की बायका आधी निघत. बिगुल वाजायच्या कितीतरी आधी, तांबडं फुटायच्या सुमाराला. पुढच्या पाणवठ्यावर पोहोचून चुली पेटवायच्या, म्हणजे दमून येणाऱ्या माणसांच्या हातात गरम भाकरी पडते. आणि प्रत्येकीची चूल वेगळी हं! एका चुलीवर दोघींनी भाजायचं म्हटलं असतं, तर सरकारी फौजेची गरजच उरली नसती, आपापसातच युद्ध पेटलं असतं.

तर सान गाब्रिएलच्या डोंगराखालच्या ओढ्यावर मुक्काम, असं आदल्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं होतं. बायका नेहमीसारख्या निघून गेल्या. मागे सकाळी साहेबांनी बेत बदलला. ओढ्याकडे जायचं नाही, डोंगराला मोठा वळसा घालून पलीकडच्या घळीतून चढायचं. हुकूम प्रत्येक शिपायाला सांगितला. बायकांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बायकांना कधी कुणी हुकूम सांगतच नसे, त्यांना आपोआप कळतं असा सगळ्यांचा समज!

आम्ही ओढ्यावर पोहोचलो, चुली पेटवल्या, मका वाटायला घेतला. शेकडो चुलींचा धूर सरळ आभाळात चढला. आणि डोंगरावरच्या तोफवाल्यांना काय दिसलं? अख्खी फौज खाली तळ ठोकून बसलीय! त्यांनी असतील नसतील त्या तोफा आमच्याकडे वळवल्या.

पहिला गोळा ओढ्यात पडला. पाणी आणि चिखल आमच्यावर उडाला. बकरी सुटली, कोंबड्या सुटल्या, तवे उलथले.

"विझवा! चुली विझवा!" चोना किंचाळली. "धूर बघून मारतायत मेले!"

सगळ्या घागरी घेऊन धावल्या. तेवढ्यात डोंगराच्या पलीकडून बंदुकांचा आवाज आला. बारीक, लांबून. ओतिलिया जागच्या जागी थबकली.

"आई, ऐक. आपली माणसं तिकडून चढतायत!"

"अगं, आधी जीव वाचव!"

"तोफा इकडे आहेत तोवर तिकडे नाहीत ना? विझवलं तर त्यांना कळेल इथे फौज नाहीये. मग त्या तिकडे वळतील, बाबांवर!" आणि मग तिने जो आवाज काढला, तो मी जन्मात विसरणार नाही. "बायांनो, विझवू नका! निवडुंग टाका! ओला निवडुंग टाका आणि शेजारच्या कोरड्या ओहोळात पळा!"

मग क्रेसेन्सियाने हातातली घागर खाली ठेवली, कोयता उचलला आणि निवडुंगाचं पान छाटून आपल्या चुलीत टाकलं. तिचं बघून दुसरीने, तिसरीने. काय धूर झाला म्हणून सांगू! जाड, पांढरा, फुगलेला. बायका ओहोळाच्या काठाआड लपल्या. धूर विरळ झाला की एखादी वाकून धावत यायची, निवडुंग टाकायची आणि परत. चोनासुद्धा! शिव्या देत, रडत, पण धावली ती.

मी मात्र चुलीपाशीच राहिलो होतो. मला उचलायला वेळ कुणाला होता? एक गोळा जवळच फुटला. मी उलटापालटा झालो आणि माझा मागचा एक पाय तुटून कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. अंगभर राख. मला वाटलं, संपलं. मग धुरातून दोन हात आले. खोकत खोकत ओतिलिया म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या, तुला सोडून कशी जाईन?" आणि मला ओढत ओढत ओहोळात नेलं.

दुपार कलायच्या आत डोंगरावर आमचा झेंडा दिसला. शहर पडलं. नाबोर आणि लिबोरियो धडधाकट खाली आले, काळेठिक्कर, पण धडधाकट. क्रेसेन्सियाने नवऱ्याला मिठी मारली आणि लगेच पाठीत एक धपाटाही घातला. "आम्हाला सांगायला काय जीभ झडली होती?"

साहेबांनी चौकात भाषण केलं. शत्रूला धुराने फसवण्याची आपली युक्ती कशी फळली ते सांगितलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "बघा बाई, आम्ही मेलो असतो तरी युक्ती यांचीच," चोना मोठ्याने म्हणाली. टाळ्या तिच्याच वाक्याला जास्त पडल्या.

आमची उतरायची सोय प्राक्सेदेसबाईंच्या वाड्याच्या अंगणात झाली. या बाई विधवा, करड्या आवाजाच्या, आणि मुलींची शाळा चालवणाऱ्या. फळा तोफांच्या हादऱ्याने तडकला होता, पण होता! ओतिलिया पहिल्या दिवशी त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. बाईंनी विचारलं, "वाचता येतं?" तिने फळ्यावरची ओळ अडखळत वाचली. "कुठे शिकलीस?" "मालगाडीवर." बाई हसल्या, असं मला वाटतं. त्यांच्या मिटल्या ओठांवरून सांगणं अवघड होतं.

इकडे माझं नशीब फिरलं. हाती आलेल्या सरकारी कोठारातून नाबोरला लोखंडी गिरणी मिळाली. दांडा फिरवला की झालं, गुडघे टेकायला नको. क्रेसेन्सियाने आधी नाक मुरडलं, मग फिरवून बघितली, मग हळूच म्हणाली, "कंबरेला बरी आहे गं." तिच्यावर मी रागावलो नाही. किती वर्षं वाकली होती ती माझ्यावर! पण मी लंगडा अंगणाच्या कोपऱ्यात पडलो. कोंबड्या माझ्यावर बसून चोच घासू लागल्या. नाबोर म्हणाला, "परवा फौज दक्षिणेला निघेल. हा धोंडा आता इथेच राहू दे." त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं ते.

मित्रांनो, एक मागणं आहे तुमच्याकडे. ज्या वस्तूपुढे कुणाचे तरी गुडघे झिजलेत, तिला धोंडा म्हणण्याआधी एकदा तिच्यावरून हात फिरवून बघा. मधोमध खोलगट लागेल. तो खळगा दगडाचा नसतो, त्या माणसाचा असतो. तो असा अंगणात फेकून देऊ नका.

रविवार उजाडला. लिबोरियोने मिशा कातरल्या होत्या म्हणे. क्रेसेन्सियाने लेकीसाठी पांढरा झगा धुऊन वाळत घातला होता. ओतिलिया सकाळीच कुठेतरी जाऊन आली. आली ती थेट माझ्याकडे. कोंबडीला हुसकावलं, मला धुतलं, तुटल्या पायाखाली पडक्या भिंतीची एक वीट सरकवली, आणि मला हलवून बघितलं. डुगडुगलो नाही. मग ती उभी राहिली.

"आई, बाबा, जरा बसा. मी उभीच बोलणार आहे."

"अगं, पाद्री वाट बघतोय," नाबोर म्हणाला.

"बाबा, लिबोरियोकाकांनी तुमचा जीव वाचवला. त्या दिवशी ओढ्यावर मी त्यांचाही वाचवला, तुमच्यासकट. आता कुणी कुणाला काही देणं लागत नाही. मी लग्न करणार नाही. त्यांना आत्ताच स्वतः सांगून आले."

"काय म्हणाला तो?" क्रेसेन्सियाने घाबरत विचारलं.

"आधी कातरलेली मिशी चाचपली. मग म्हणाले, पोरी, खरं सांगायचं तर मलाही रात्रभर झोप नव्हती. मग त्यांनी विचारलं, निघायच्या दिवशी भाकरी तरी मिळेल ना? मी म्हटलं, मिळेल." तिने माझ्यावर हात ठेवला. "प्राक्सेदेसबाईंकडे मी बोलले आहे. पहाटे शाळेतल्या मुलींसाठी मका वाटायचा, मग वर्गात बसायचं. लग्न नाही तरी पाटा मला दे, आई. गिरणी तुम्ही न्या, आणि दोघं जिवंत परत या. मी सान गाब्रिएललाच राहणार. उद्यापासून माझी शाळा आहे."