दिझासच्या दगडावरचे शब्द

झियाकाची मागणी ऐकून पाथरवट मुकापोरिसने छिन्नी खाली ठेवली.

"थडग्यावर आपली बोली? वहिनी, दगडावर ग्रीकच लिहितात. आपल्या थ्रेसी भाषेला अक्षरं तरी आहेत का?"

"मग ग्रीकांची उसनी घे. त्यांची दारू पितोस, तेव्हा नाही लाजत!"

तिचा नवरा दिझास रोमच्या फौजेत उमेदीची वर्षं घालवून खोकत घरी आला आणि द्राक्षांच्या सुगीत गेला. रीतीप्रमाणे गावाने त्याला हसत-गात निरोप दिला. सुटला बिचारा, म्हणून. झियाकाही हसली. पण दगडाचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. वर रिवाजाप्रमाणे कोरलेला घोडेस्वार देव, आणि खाली तिचे शब्द : 'ये, दार उघडंच आहे.' डोंगरावरून उतरणाऱ्या दिझासला ती अशीच हाक मारायची.

"लोक हसतील," मुकापोरिस म्हणाला.

"हसू देत. जन्मभर परक्या भाषेतले हुकूम ऐकले त्याने. आता मातीखाली तरी आपलं माणूस बोलू दे त्याच्याशी."

ती त्याच्या अंगणातच ठाण मांडून बसली. मुकापोरिसने कोळशाने फळीवर अक्षरं काढली आणि वाचून दाखवली.

"छे! 'दार' असं म्हणतात होय? तुझ्या आईने ऐकलं असतं तर कान पिळला असता."

आपल्या तोंडातला एक आवाज ग्रीक अक्षरांत बसेचना. तो पुसायचा, ती पुन्हा म्हणायची. शेवटी वैतागून त्याने दोन अक्षरं जोडून लिहिली आणि वाचली. झियाका फळीजवळ सरकली. मग म्हणाली, "हेच. आता कोर."

दगड वाटेकडच्या टेकाडावर उभा राहिला. गावातले शहाणे खरोखरच हसले. पुढे एकदा किनाऱ्याकडचा एक ग्रीक मीठवाला तिथे थांबला आणि सवयीने मोठ्याने वाचू लागला. अर्थ त्याला कळत नव्हता, अक्षरं मात्र कळत होती. पाण्याला निघालेल्या बायका जागीच थबकल्या; त्यांत झियाकाही होती. म्हातारी ब्रिझेनिस त्याची बाही धरून म्हणाली, "बाबा, परत वाच."

त्याने वाचलं. झियाकाने पदर तोंडाला लावला; दिझास गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी ब्रिझेनिस काठी टेकत मुकापोरिसच्या दारात हजर झाली. "माझ्या गेलेल्या लेकीच्या दगडावर काय लिहायचं, ते मी सांगणार. आणि हे बघ, नीट ऐकून घ्यायचं!"